पोटपिशवीतले पिल्लू : कांगारू आणि त्याचे भाऊबंद



कांगारू हा प्राणी आपल्यापैकी बहुतेकांनी पुस्तकातल्या चित्रातच पाहिला आहे. मागच्या दोन पायांवर उभी असलेली मादी आणि तिच्या पोटावरच्या पिशवीतून डोके बाहेर काढून जग पाहणारे पिल्लू. चित्राखाली एक-दोन ओळी असतात, परीक्षेत एका गुणाची रिकामी जागा असते. ती भरली की विषय संपतो. आपल्या धामापुरातल्या अभ्यासवर्गात मात्र मुलांनी दोन प्रश्न विचारले आणि ते एका गुणाचे नव्हते. पहिला प्रश्न, असे प्राणी आपल्याकडे का नाहीत? आपल्या रानात कोल्हा आहे, साळिंदर आहे, खवले मांजर आहे, मग पिशवीवाला एकही का नाही? दुसरा प्रश्न एका मुलीचा होता. तिच्या जुन्या मार्गदर्शक पुस्तकात या प्राण्यांना 'खालच्या दर्जाचे सस्तन प्राणी' असे म्हटले होते. ती म्हणाली, "खालचे म्हणजे कोणापेक्षा खालचे? आणि हे ठरवले कोणी?"

प्रस्तुत लेख या दोन प्रश्नांसाठी आहे. मी कला शाखेचा पदवीधर, आणि दिवस जातो तो बँकेच्या खिडकीमागे. त्यामुळे परिभाषेचा भार मी फारसा घातलेला नाही. जिथे हिशेबाची भाषा सोपी वाटली तिथे तीच वापरली आहे.

प्रथम ओळख करून घेऊ. पिल्लांना दूध पाजणारे ते सस्तन प्राणी, हे आपण जाणतोच. त्यांचे आज तीन गट आहेत. पहिला अंडी घालणाऱ्यांचा. यात ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस आणि ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीतले एकिड्ना अशा अवघ्या पाच जाती उरल्या आहेत. दुसरा गट पोटपिशवीच्या प्राण्यांचा. आणि तिसरा आपला : माणूस, गाय, मांजर, उंदीर, वटवाघूळ, देवमासा हे सगळे यात आले. दुसऱ्या गटाचे इंग्रजी नाव 'मार्सुपियल' हे लॅटिन 'मार्सुपियम' या शब्दावरून आले आहे. त्याचा अर्थ पैशाची थैली, आपल्या भाषेत बटवा. (माझ्या धंद्यातला शब्द प्राणिशास्त्रात सापडला याचा मला आनंद झाला, हे कबूल करतो.) मराठी परिभाषेत या प्राण्यांना 'शिशुधान' म्हणतात.

या गटात साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि कांगारू हा त्यांतला फक्त एक घराणेदार. निलगिरीच्या झाडावर राहणारा कोआला, जमिनीत बिळे खोदणारा आणि घनाकृती लेंड्या टाकणारा वॉम्बॅट, रात्री फांद्यांवरून फिरणारे पॉसम, वाळवी खाणारा नंबॅट, मांसाहारी टास्मानियन डेव्हिल हे सर्व त्याचे भाऊबंद. काही जातींचे वजन चार-पाच ग्रॅम, तर तांबड्या कांगारूचा नर ऐंशी किलोंच्याही पुढे जातो. आणखी एक गोष्ट मुलांना नवल वाटायला लावते. हे प्राणी फक्त ऑस्ट्रेलियात नाहीत. न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर ते आहेत, आणि शंभरहून अधिक जाती अमेरिका खंडात आहेत. तिकडे त्यांना ऑपॉसम म्हणतात. युरोपीय लोकांनी जो पहिला पोटपिशवीचा प्राणी मायदेशी नेला तो अमेरिकेतलाच. १५०० साली पिन्झोन नावाच्या स्पॅनिश दर्यावर्दीने ब्राझीलच्या किनाऱ्यावरून एक ऑपॉसमची मादी स्पेनच्या राजा-राणीपुढे नेऊन ठेवली होती. कांगारूची गाठ युरोपला पडायला त्यानंतर आणखी काही पिढ्या जाव्या लागल्या.

जन्म कसा होतो

आता मुख्य गोष्ट. तांबड्या कांगारूच्या मादीचे दिवस अवघे तेहतीस असतात. तेहतीस दिवसांनी जे बाहेर येते ते जेमतेम इंचभर लांबीचे आणि एक ग्रॅमहूनही कमी वजनाचे असते. आई सुमारे तीस किलोची आणि बाळ ग्रॅमभराचेही नाही! अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पण पुढचे हात मात्र तयार असतात आणि त्यांना नख्या असतात. त्या नख्यांनी आईची लव धरून, पोहणाऱ्याने हात मारावेत तसे एकामागून एक हात टाकीत ते स्वतः वर चढते. तीन ते पाच मिनिटांत पिशवीत पोहोचते. आई त्याला उचलीत नाही, तोंडात धरीत नाही. पिशवीत चार सड असतात. त्यांपैकी एक त्याने तोंडात धरला की सडाचे टोक आत फुगते आणि पिल्लू तिथे अडकून बसते. मग पुढचे कित्येक आठवडे ते सुटत नाही. पूर्वी शिकाऱ्यांनी पिशवीत असे चिकटलेले पिल्लू पाहिले, तेव्हा त्यांना वाटले की ते सडातूनच फळासारखे उगवते! ही समजूत बराच काळ टिकून होती.

साधारण पाच महिन्यांनी पिल्लू पिशवीबाहेर डोके काढते. आपल्या चित्रातला तो क्षण हा. आठव्या महिन्याच्या आसपास ते पिशवी कायमची सोडते, पण वर्षाचे होईपर्यंत बाहेर उभे राहून आत तोंड घालून दूध पीत राहते.

इथे एक विलक्षण व्यवस्था आहे. पिल्लाच्या जन्मानंतर एक-दोन दिवसांतच मादीला पुन्हा गर्भ राहू शकतो. पण तो वाढत नाही. सुमारे शंभर पेशींचा गोळा झाला की तो थांबतो आणि पिशवीतले पिल्लू दूध ओढीत आहे तोवर थांबूनच राहतो. पहिल्या पिल्लाचे पिणे कमी झाले, किंवा ते दगावले, की थांबलेला गर्भ पुन्हा वाढू लागतो. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षी एका मादीच्या पदरी तीन मुले असतात : एक बाहेर उड्या मारणारे, एक पिशवीत चिकटलेले आणि एक पोटात वाट पाहणारे. बाहेरचे मोठे पिल्लू ज्या सडाला पिते त्यातून घट्ट, स्निग्ध दूध येते आणि शेजारच्याच सडातून नवजाताला पातळ दूध येते. एकाच आईच्या, एकाच वेळी, दोन सडांतून दोन प्रकारचे दूध!

पुस्तकात असे लिहिलेले असते की या प्राण्यांना वार नसते. हे बरोबर नाही. वार असते, पण ती साधी आणि थोड्या दिवसांची असते. बँडिकूट नावाच्या प्राण्यांत तर ती आपल्या वारेशी बरीच मिळतीजुळती असते. फरक कामाच्या वाटणीचा आहे. आपल्या गटात जे पोषण वारेतून महिनोन् महिने होते, ते इथे दुधातून होते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर गाय किंवा हत्तीण मोठी रक्कम आधीच गुंतवते. हत्तिणीला तर बावीस महिने लागतात. कांगारू मादी सुरुवातीला अगदी अल्प रक्कम देते आणि पुढे दुधाचे हप्ते सुरू ठेवते. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात पाऊस कधी पडेल याचा भरवसा नसतो. दुष्काळ आला, चारा संपला, तर तिचा हप्ता थांबतो. पिशवीतले पिल्लू मरते. हे ऐकायला कठोर आहे, पण आई जगते आणि तिच्या पोटात दुसरा गर्भ तयार असतो. तीच वेळ भरल्या दिवसांच्या गायीवर आली तर गाय आणि वासरू दोन्ही जाण्याचा धोका असतो.

ऑपॉसममध्ये हा हिशेब अधिकच कडक आहे. उत्तर अमेरिकेतल्या ऑपॉसमची मादी बारा-तेरा दिवसांत विते. पिल्ले वीसच्या आसपासही असू शकतात. पिशवीत सड साधारणपणे तेरा. ज्याला सड मिळाला ते जगले, चौदाव्याला जागा नाही. 'निसर्ग दयाळू आहे' असे निबंधात लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही ओळ लक्षात ठेवावी.

पिशवीविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण सर्वांची पिशवी कांगारूसारखी नसते. वॉम्बॅट पुढच्या पायांनी माती उकरतो, म्हणून त्याच्या मादीची पिशवी मागच्या बाजूला उघडते. नाहीतर बीळ खणताना पिल्लाच्या डोळ्यांत माती जाईल. दक्षिण अमेरिकेत पाण्यात पोहणारा यापोक नावाचा ऑपॉसम आहे. तो बुडी मारताना पिशवीचे तोंड आवळून घट्ट बंद करतो, आत पाणी शिरत नाही. आणि नंबॅटला तर पिशवीच नाही. त्याची पिल्ले आईच्या पोटाखाली सडांना लोंबकळत वाढतात. म्हणजे ज्या खुणेवरून गटाचे नाव पडले ती खूणच सर्वांकडे नाही. नावावरून माणूस ओळखू नये म्हणतात, ते प्राण्यांनाही लागू आहे.

खालचे कोणी ठरवले?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. अंडी घालणारे सर्वांत खाली, पिशवीवाले मधल्या पायरीवर आणि वारेवाले, अर्थातच शेंड्याला माणूस, वर. अशी शिडी एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ युरोपीय अभ्यासकांच्या मनात होती आणि आपल्याकडच्या मार्गदर्शकांत ती इंग्रजीतून जशीच्या तशी उतरली. पायऱ्यांच्या उतरंडीची सवय असलेल्या आपल्या समाजात ती कोणाला खटकलीही नाही.

या शिडीचा आधार काय? तर पिल्लू अपुऱ्या अवस्थेत जन्माला येते, हा. पण हीच कसोटी आपण घरच्या गोठ्यात लावून पाहू. म्हशीचे रेडकू जन्मल्यावर तासाभरात धडपडत उभे राहते आणि आईला लुचू लागते. मांजराचे पिल्लू आंधळे जन्मते. माणसाच्या मुलाला तर मान धरायला दोन-तीन महिने आणि चालायला वर्ष लागते. जन्मतःच तयार असणे हा श्रेष्ठपणा मानला तर रेडकू माणसाच्या वर जाऊन बसेल. शिडी बनवणाऱ्यांनी ही कसोटी फक्त कांगारूला लावली, स्वतःला लावली नाही.

दुसरे असे की पिशवीवाले आपल्या गटाचे 'पूर्वज' नव्हेत. दोन्ही शाखा दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एकाच मूळ कुळापासून फुटल्या आणि तेव्हापासून दोघीही तितकाच काळ चालत आल्या आहेत. चुलत भावाला आपण आजोबा म्हणत नाही. शेकडो पिढ्या कोरड्या प्रदेशात टिकून राहण्यासाठी कांगारूने जी गर्भ थांबवण्याची युक्ती साधली ती जुनाट नसून चांगलीच प्रगत आहे.

आणि ते दुबळे असतात, स्पर्धेत मागे पडतात, हे म्हणणेही सरसकट खरे नाही. ऑपॉसम विसाव्या शतकात उत्तरेकडे सरकत सरकत कॅनडाच्या दक्षिण भागापर्यंत पोहोचला. तिथल्या थंडीत त्याच्या कानांची आणि शेपटीची टोके गोठून झडतात, तरी तो राहतो. ऑस्ट्रेलियातला झुबकेदार शेपटीचा पॉसम लोकरीसाठी १८३७ पासून न्यूझीलंडमध्ये नेऊन सोडला गेला. तिथे तो इतका वाढला की कोट्यवधींच्या घरात गेला. त्याने जंगले ओरबाडली, पक्ष्यांची अंडी खाल्ली, आणि आता ते सरकार त्याच्या निर्मूलनासाठी झटत आहे. आपली मुले हल्ली शिकायला सिडनी-मेलबर्नकडे जातात. त्यांच्या छपरावर रात्री धावणारा पॉसम तोच. पण तिथे तो मूळचा रहिवासी असल्याने कायद्याचे संरक्षण असलेला. समुद्र ओलांडला की शत्रू.

आपल्याकडे का नाहीत?

आता पहिला प्रश्न. याचे उत्तर प्राण्यांत नाही, जमिनीत आहे.

चंद्रपूर-वणी भागातल्या कोळशाच्या खाणी आपण ऐकून आहोत. त्या कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात. तेच ठसे ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकातही मिळतात. कारण पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी हे सर्व भूभाग एकमेकांना जोडलेले होते. या महाभूमीला जगभर 'गोंडवन' म्हणतात. भारतातल्या खडकांसाठी हे नाव मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये वापरले आणि नंतर युरोपीय शास्त्रज्ञांनी ते साऱ्या महाभूमीला दिले. नाव आपल्या गोंड लोकांच्या प्रदेशाचे. चंद्रपूर, देवगड (छिंदवाड्याकडचा, आपला नव्हे), मंडला इथे ज्यांची राज्ये होती त्यांचे नाव आज अंटार्क्टिकातल्या खडकालाही लागते.

म्हणजे भारत आणि ऑस्ट्रेलिया एके काळी एका घरात होते. मग कांगारूचे पूर्वज त्यांना मिळाले आणि आपल्याला का मिळाले नाहीत? कारण वाटणी आधी झाली. भारताचा तुकडा अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून साधारण बारा-तेरा कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि उत्तरेकडे निघाला. पोटपिशवीच्या शाखेचे जुने अवशेष सुमारे दहा-अकरा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते उत्तर गोलार्धात, आशिया आणि उत्तर अमेरिकेत सापडतात. तिथून ते दक्षिण अमेरिकेत उतरले. तेव्हा दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया अजून जोडलेल्या होत्या आणि अंटार्क्टिकावर बर्फ नव्हते, अरण्य होते. त्या अरण्यातून हे प्राणी चालत ऑस्ट्रेलियात गेले. क्वीन्सलँडमधील मर्गन येथे त्यांचे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष आहेत. वाटेतला पुरावा अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावर १९८२ मध्ये मिळाला. तिथे पोटपिशवीच्या प्राण्याच्या जबड्याचे तुकडे सापडले. पुढे ऑस्ट्रेलियाही सुटली आणि बेट होऊन बसली.

या काळात आपला भारत समुद्रात एकटा होता. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, सह्याद्री ज्या काळ्या खडकाचा आहे त्याचा लाव्हारस वाहत होता, तेव्हाही आपण बेटच होतो. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आपण आशियाला धडकलो.

पण गोष्ट इथेच संपत नाही. गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यात वस्तान येथे लिग्नाइट कोळशाची खाण आहे. तिथल्या सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतून चाळून काढलेल्या बारीक दातांमध्ये भारतीय शास्त्रज्ञांना पोटपिशवीच्या प्राण्यांचे दात ओळखू आले आणि २००५ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. एकाचे नाव त्यांनी ठेवले 'इंडोडेल्फिस'. त्याच वेळी वर्णन केलेली दुसरी जात पुढच्या अभ्यासात वटवाघळाची ठरली. दातांवरून ओळख पटवणे इतके नाजूक काम आहे. इंडोडेल्फिस कांगारूसारखा नव्हता. ऑपॉसमच्या कुळाशी जवळचा, उंदराएवढा जीव असावा. अशा लहान पिशवीवाल्यांचे अवशेष युरोपात आणि आशियात इतरत्रही सापडतात. पुढे या दोन्ही खंडांतून ते नाहीसे झाले. तेव्हा त्या मुलांना द्यायचे बरोबर उत्तर असे : आपल्याकडे ते 'कधीच नव्हते' असे नाही. पश्चिम भारतात होते, फार थोडे होते, आणि राहिले नाहीत.

आज आपल्याला सर्वांत जवळचा रानटी पिशवीवाला इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरचा कस्कस. त्याच्या पश्चिमेला एकही नाही. बाली आणि लोंबोक या दोन बेटांमध्ये अंतर अवघे पस्तीस किलोमीटर आहे, पण मधला समुद्र इतका खोल आहे की हिमयुगात पाणी उतरले तेव्हाही जमीन जोडली गेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आल्फ्रेड वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की इथे प्राणिसृष्टीच बदलते. त्या रेषेला आजही त्याचे नाव आहे.

झाडांना मात्र माणसाने बोटीत घालून आणले. मालवणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवण्यासाठी लावलेला सुरू, सामाजिक वनीकरणाने आपल्या सड्यांवर लावलेली ऑस्ट्रेलियन अकेशिया आणि घाटावरची निलगिरी ही सगळी त्या बाजूची मंडळी. कोआला जे खातो ते झाड इथे आले, कोआला आला नाही. निलगिरीची पाने विषारी आणि निःसत्त्व. ती पचवण्यासाठी लागणारे सूक्ष्म जंतू कोआलाच्या पिल्लाला आईच्या मऊ विष्ठेतून मिळतात, आणि मग ते दिवसातले अठरा-वीस तास झोपून काढते. असे पोट दुसऱ्या कोणाला क्वचितच असते. भारताच्या मातीवर अलीकडे कांगारू दिसले ते मात्र वाईट रीतीने. एप्रिल २०२२ मध्ये पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी भागात रस्त्याकडेला भुकेले कांगारू सापडले. चोरट्या व्यापारातून आणलेले आणि पकडले जाण्याच्या भीतीने सोडून दिलेले.

घूस आणि गंगुरू

दोन नावांची हकीकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण भाषा हा माझा विषय होता.

बँडिकूट हा ऑस्ट्रेलियातला पिशवीवाला प्राणी मी वर उल्लेखिला. हे नाव ऑस्ट्रेलियाचे नाहीच, आपल्या देशाचे आहे. तेलुगूत घुशीला 'पंदिकोक्कु' म्हणतात. पंदि म्हणजे डुक्कर आणि कोक्कु म्हणजे घूस. इंग्रजांनी त्याचे बँडिकूट केले आणि ऑस्ट्रेलियात लांब मुस्कटाचा, जमीन उकरणारा प्राणी दिसताच तेच नाव त्याला चिकटवले. म्हणजे भाताच्या मेरा पोखरणारी आणि माडाच्या बुंध्याशी बीळ करणारी आपली घूस नावाने ऑस्ट्रेलियात पोहोचली आहे. नाते मात्र काही नाही. घूस उंदराच्या कुळातली, आपल्याच गटातली. दोन निरनिराळ्या कुळांनी एकच धंदा पत्करला की रूप सारखे होते. सह्याद्रीच्या दाट रानातली उडती खार आणि ऑस्ट्रेलियाचा ग्लायडर यांचे तसेच आहे. दोघांच्याही पुढच्या-मागच्या पायांमध्ये कातड्याचा पडदा, दोघेही रात्रीचे, दोघेही झाडावरून झाडावर तरंगत जाणारे. पण खारीचे पिल्लू पोटात वाढते आणि ग्लायडरचे पिशवीत. आपले खवले मांजर आणि वर सांगितलेला नंबॅट यांचीही जीभ अशीच लांब, कारण दोघांचेही अन्न वाळवी.

दुसरे नाव कांगारूचेच. प्रश्नमंजूषेत हमखास सांगितले जाते की कॅप्टन कुकने एका मूळ रहिवाशाला विचारले, "हा प्राणी कोणता?" आणि तो म्हणाला, "कांगारू", म्हणजे 'मला माहीत नाही'. सभेत हशा पिकतो. ही गोष्ट खोटी आहे. १७७० मध्ये कुकचे जहाज दुरुस्तीसाठी ज्या नदीच्या मुखाशी थांबले होते तिथल्या लोकांची भाषा गुगु यिमिथिर. तिच्यात 'गंगुरू' हे एका मोठ्या कांगारूचे नाव आहे. पुढे १८२० मध्ये दुसरा एक अधिकारी तिथे गेला, त्याला वेगळाच शब्द मिळाला आणि कुकच्या नोंदीविषयी संशय सुरू झाला. त्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ बहुधा 'खाण्याजोगा प्राणी' एवढाच होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी जॉन हॅविलंड या भाषाशास्त्रज्ञाने त्या लोकांमध्ये राहून अभ्यास केला आणि मूळ शब्द बरोबर असल्याचे दाखवले. जे लोक किमान पन्नास हजार वर्षे त्या प्राण्याबरोबर राहिले, त्यांना त्याचे नाव माहीत नव्हते असा विनोद जगाने दोनशे वर्षे केला. आपल्या स्नेहसंमेलनांतून तरी तो आता बंद व्हावा.

टास्मानियाची नोंदवही

शेवटी एका प्राण्याविषयी. थायलसीन, म्हणजे टास्मानियन वाघ. हा ना वाघ होता ना लांडगा. कुत्र्याएवढ्या अंगाचा, पाठीवर काळे पट्टे असलेला पिशवीवाला मांसाहारी प्राणी. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो हजारो वर्षांपूर्वी गेला होता, टास्मानिया बेटावर राहिला होता. गोऱ्या वसाहतकारांनी तिथे मेंढ्या नेल्या. मेंढ्या मेल्या की नाव थायलसीनचे. रानटी झालेले कुत्रे, चोरी, खराब चारा यांचा हिशेब कोणी मांडला नाही. त्याच्यावरच्या लिखाणात तो मठ्ठ आणि जुनाट प्राणी म्हणून रंगवला गेला. तेच शिडीचे शब्द. टास्मानियाच्या सरकारने १८८८ पासून १९०९ पर्यंत मारलेल्या प्रत्येक मोठ्या जनावरामागे एक पौंड आणि पिल्लामागे दहा शिलिंग इनाम दिले. सरकारी दप्तरात अशा २,१८४ इनामांची नोंद आहे. मी आयुष्यभर व्हाउचर पाहत आलो आहे. एकेका व्हाउचरमागे एक जनावर, असे हे एकच खाते माझ्या माहितीत आहे. पुढे २०११ मध्ये त्याच्या कवटीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की त्याचा जबडा मेंढीसारखे मोठे जनावर मारण्याइतका मजबूत नसावा. पॉसमसारखे लहान भक्ष्य हे त्याचे अन्न असावे.

त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले १० जुलै १९३६ रोजी. शेवटचा माहीत असलेला थायलसीन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ च्या रात्री मेला. मधे एकोणसाठ दिवस गेले. ऑस्ट्रेलियात ७ सप्टेंबर हा दिवस आता संकटग्रस्त प्रजातींचा दिवस म्हणून पाळतात. कोआलाही आज त्या देशाच्या तीन प्रांतांत, क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशात, फेब्रुवारी २०२२ पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

त्या शेवटच्या थायलसीनचे अवशेष कुठे गेले हे ऐंशीहून अधिक वर्षे कोणाला सांगता येत नव्हते. ते फेकून दिले असावेत असेच सगळे धरून चालले होते. डिसेंबर २०२२ मध्ये होबार्टच्या टास्मानियन संग्रहालयाने जाहीर केले की ते संग्रहालयातच होते. ती एक म्हातारी मादी होती. मे १९३६ मध्ये एका फासेपारध्याने ती प्राणिसंग्रहालयाला विकली होती, आणि फासे लावून पकडणे बेकायदा असल्यामुळे त्या विक्रीची नोंद केली गेली नव्हती. मेल्यावर तिचे शव संग्रहालयात आले, पण तिथल्या मुख्य नोंदवहीतही ते चढले नाही. कातडी कमावणाऱ्या कामगाराच्या एका जुन्या, अप्रकाशित अहवालात अभ्यासकांना तिचा उल्लेख सापडला आणि तिथून शोध लागला. कातडे आणि सांगाडा संग्रहालयाच्या शिक्षण विभागाच्या कपाटात होते. इतकी वर्षे ते धड्याचे साहित्य म्हणून वापरले जात होते. ते जागोजागी नेले जाई आणि शाळेतल्या मुलांना दाखवले जाई. दाखवणाऱ्यालाही ठाऊक नव्हते की ही शेवटची.